दिव्यांग प्रमाणपत्राची वैद्यकीय तपासणी: बोर्डासमोर जाण्याआधीची तयारी

संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान असो, एसटीची सवलत असो, नोकरीतलं आरक्षण असो की आयकरातली वजावट, सगळीकडे पहिला कागद मागतात तो दिव्यांग प्रमाणपत्राचा, आणि पहिली नजर जाते त्यावरच्या टक्केवारीकडे. ती टक्केवारी सरकारी रुग्णालयातल्या वैद्यकीय मंडळाच्या, म्हणजे बोर्डाच्या, तपासणीत ठरते. डॉक्टरांसमोरचा वेळ थोडा असतो आणि बाहेर रांग मोठी असते. ज्यांना खरोखर हक्क आहे असे कितीतरी लोक अपुरे कागद घेऊन किंवा चुकीच्या वेळी जातात आणि कमी टक्के घेऊन परत येतात.

म्हणून एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. बोर्ड आजाराला टक्के देत नाही. उपचार झाल्यानंतरही शरीरात किंवा मनात जी कायमची उणीव उरली, ती मोजतं. 'मणक्याचं ऑपरेशन झालंय' याला टक्के नाहीत. ऑपरेशननंतर उजव्या पायाचा पंजा वर उचलता येत नाही आणि चालताना तो जमिनीला घासतो, याला आहेत. पुढची सगळी तयारी ही उणीव दिसावी, मोजली जावी आणि कागदावर नीट उतरावी यासाठी आहे.

१. कुठली रेषा तुमच्या कामाची, ते आधी ठरवा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात, त्यामुळे ३८ आणि ४२ या आकड्यांत फार मोठं अंतर आहे. याखेरीज आणखी दोन रेषा लक्षात ठेवा. एसटीत दिव्यांग प्रवाशाला तिकिटात ७५ टक्के सवलत असते, पण सोबतच्या मदतनिसाला निम्मं तिकीट हवं असेल तर दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर लागतं. ८० टक्के ही तिसरी रेषा. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहे. आयकरात जुनी करप्रणाली निवडली असेल तर ४० टक्क्यांना ७५,००० रुपये आणि ८० टक्क्यांना १,२५,००० रुपये वजावट मिळते.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे अनुदान आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत वेगळा अर्ज करावा लागतो आणि तिथे उत्पन्नाचा दाखलाही लागतो. ही दोन कामं वेगळी आहेत. पहिलं नीट झाल्याशिवाय दुसरं सुरू करू नका.

२. जाण्याची वेळ आली आहे का?

अपघात, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर लगेच गेलात तर सुधारणा अजून चालू आहे असं धरलं जातं. मग एक तर काही महिन्यांनी या म्हणतात, किंवा मुदतीचं म्हणजे तात्पुरतं प्रमाणपत्र देतात. प्लास्टर निघालेलं असावं, फिजिओथेरपी होऊन गेलेली असावी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी 'आता यापुढे फारशी सुधारणा अपेक्षित नाही' अशा अर्थाचं केस पेपरवर लिहिलेलं असावं. हे एक वाक्य मिळवण्यासाठी एक फेरी जास्त पडली तरी ती घाला. कायमचं की तात्पुरतं, हा निर्णय बऱ्याचदा याच वाक्यावर फिरतो.

शस्त्रक्रियेने बरी होणारी गोष्ट असेल, उदाहरणार्थ मोतीबिंदू, तर आधी उपचार करून या असंच सांगितलं जातं. आणि ज्यात बदल संभवत नाही, जसं की पाय कापला जाणं, त्यात थांबण्याचं काही कारण नाही. जखम भरली की अर्ज करा.

मुलांचं गणित वेगळं आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला बौद्धिक दिव्यांगत्वाचं कायमचं प्रमाणपत्र मिळत नाही. त्या वयात 'विकासात विलंब' अशी नोंद होते आणि प्रमाणपत्र तात्पुरतं असतं. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी होते. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, मग १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासतात. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन अध्ययन अक्षमतेसाठी खेटे घालण्यात अर्थ नाही, तेवढा काळ शाळेच्या वह्या जपून ठेवा. त्या पुढे पुरावा म्हणून कामी येतात.

३. ऑनलाइन अर्ज: इथल्या चुका पुढे वर्षभर छळतात

अर्ज स्वावलंबन कार्डच्या पोर्टलवर, म्हणजे यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या देशपातळीवरच्या ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर करायचा. अर्जाला आणि कार्डाला शुल्क नाही. घरून मोबाइलवरही भरता येतो, सेतू केंद्रातून किंवा सायबर कॅफेतूनही. अर्जदार लहान असेल किंवा स्वतः अर्ज करण्याच्या स्थितीत नसेल तर पालक भरू शकतात. तपासणीसाठी तुमच्या पत्त्याच्या जिल्ह्यातलं रुग्णालय निवडता येतं, किंवा तुमचे उपचार जिथे चालू आहेत वा झाले आहेत ते सरकारी रुग्णालय.

तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवा.

मोबाइल नंबर. कॅफेवाला घाईत स्वतःचा किंवा दुकानाचा नंबर टाकतो. पुढचे सगळे ओटीपी आणि संदेश मग त्याच्याकडे जातात आणि तुम्हाला तारीखही कळत नाही. नंबर तुमचा किंवा घरच्या माणसाचाच टाकायला लावा आणि सबमिट करण्याआधी स्क्रीनवर स्वतः वाचा.

नाव. आधारवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने. लग्नानंतर आधारवर नाव बदललं असेल पण उपचाराच्या कागदांवर माहेरचं असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत सोबत ठेवा. आधारवरच चूक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज.

दिव्यांगत्वाचा प्रकार. दोन प्रकार असतील, समजा पायाचं आणि ऐकण्याचं, तर दोन्ही नोंदवा. अर्जात एकच टाकलंत तर तपासणीही एकाच विभागात होते आणि दुसऱ्याचे टक्के मोजलेच जात नाहीत.

शेवटी पावती छापून घ्या. तिच्यावरचा नोंदणी क्रमांक मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. फोटो सहा महिन्यांच्या आतला चढवा. चेहरा ओळखू येत नसेल तर अर्ज परत येतो. आणि जुनं हस्तलिखित किंवा जुन्या ऑनलाइन पद्धतीचं प्रमाणपत्र असेल तर अर्ज भरताना ते लपवू नका. जुन्याची नोंद न करता दुसरा नवा अर्ज टाकला की दुबार नोंद दिसते आणि दोन्ही अडकतात.

४. कागदांची फाइल

प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या कागदांतून डॉक्टर काही शोधत बसणार नाहीत. एक साधी फाइल घ्या आणि सगळ्यात वर ताजा कागद येईल अशा क्रमाने लावा.

• ऑनलाइन अर्जाची पावती
• आधार कार्ड, मूळ आणि दोन छायाप्रती
• रहिवासाचा पुरावा: रेशन कार्ड, वीजबिल, मतदार ओळखपत्र यांपैकी एक
• चार पासपोर्ट फोटो, अर्जात चढवलेलाच
• जुनं प्रमाणपत्र असल्यास मूळ
• डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेच्या नोंदी
• एक्स-रे, एमआरआय, सीटी यांच्या फिल्म आणि छापील रिपोर्ट, दोन्ही
• गेल्या दोन वर्षांचे केस पेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या
• उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं अलीकडचं पत्र

फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही का? हाडांचे डॉक्टर फिल्म स्वतः उजेडाला धरून बघतात, पण नोंद करणाऱ्याला रिपोर्टची ओळ लागते. नुसता रिपोर्ट नेला तर फिल्म आणा म्हणून परत पाठवण्याचे प्रकार होतात.

डॉक्टरांच्या पत्राबद्दल थोडं जास्त. 'सदर रुग्ण माझ्याकडे उपचार घेत आहे, त्यास मदत व्हावी' अशा पत्राचा काही उपयोग नाही. पत्रात निदान हवं, कधीपासून आहे ते हवं, काय उपचार झाले ते हवं, आणि आज मोजलेली स्थिती हवी: गुडघा किती अंशांपर्यंत वाकतो, हाताची पकड किती, झटके महिन्यातून किती वेळा येतात. डॉक्टरांना नम्रपणे सांगा की बोर्डासाठी पत्र हवं आहे, त्यात मोजमापं लिहून द्या. बहुतेक डॉक्टर देतात. फक्त तसं मागावं लागतं, हे कोणी सांगितलेलं नसतं.

कागद हरवले असतील तर ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथल्या रेकॉर्ड विभागात भरतीची तारीख आणि नाव देऊन अर्ज करा. हे काम तपासणीच्या आदल्या आठवड्यात होत नाही, महिनाभर आधी सुरू करा.

५. कोणती तपासणी कशी होते

हाता-पायाचं दिव्यांगत्व. इथे तीन साधनं दिसतील: गोनिओमीटर म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, मापाची टेप आणि डॉक्टरांचा हात. गुडघा बघताना तुम्हाला झोपवतात, मांडीच्या रेषेत पट्टीचा एक भाग आणि नडगीच्या रेषेत दुसरा भाग ठेवतात, आणि म्हणतात, 'जेवढा वाकतो तेवढा वाकवा.' आधी तुम्ही स्वतः वाकवता, मग डॉक्टर वाकवून बघतात. स्नायूंची ताकद ० ते ५ अशी मोजतात. ० म्हणजे स्नायू हललाच नाही, ३ म्हणजे हात-पाय त्याच्या स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो पण वरून दाबलं की टिकत नाही, ५ म्हणजे पूर्ण ताकद. पाय आखूड असेल तर कमरेच्या हाडाच्या पुढच्या उंचवट्यापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप धरतात. पहिल्या अर्ध्या इंचाला काही नाही, पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला ४ टक्के.

यातून काय घ्यायचं? कपडे सैल घाला, आत हाफ पँट असू द्या. घट्ट जीन्सवर मोजलेला कोन खरा येत नाही. कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा), जयपूर फूट, कुबडी, जे रोज वापरता ते घालूनच जा, पण मोजमाप ते काढून होणार हे गृहीत धरा. फिजिओथेरपीचे व्यायाम त्या सकाळी मुद्दाम जास्तही करू नका आणि टाळूही नका. रोजच्यासारखे करा.

दुखण्याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. दुखणं कितीही असो, नुसत्या दुखण्यावर फारसे टक्के मिळत नाहीत. दुखण्यामुळे सांधा कुठे अडतो, किती मिनिटं उभं राहता येतं, हे दाखवता आलं तरच त्याची नोंद होते.

ऐकणं. ऑडिओमेट्रीत हेडफोन लावून ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झवर आवाज देतात आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगतात. आदल्या दिवशी लग्नाची वरात, डीजे, कारखान्याचा आवाज टाळा, कारण मोठ्या आवाजानंतर कान काही तास बधिर राहतो आणि निकाल चुकतो. कानातला मळ आधीच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून काढून घ्या. मळ दिसला तर त्याच दिवशी तपासणी होत नाही, ती फेरी वाया जाते. श्रवणयंत्र सोबत न्या; चाचणीत ते काढतात, पण सूचना ऐकायला लागतं. उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत तर बेरा चाचणी सांगतात. डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूचा प्रतिसाद टिपणारी ही चाचणी असल्याने तिच्यात बटणाचा प्रश्न येत नाही.

एका कानाने पूर्ण बहिरेपण आणि दुसरा कान चांगला, अशांची सर्वात जास्त निराशा होते. सूत्र असं आहे: चांगल्या कानाचे टक्के गुणिले ५, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवायचे आणि सहाने भागायचं. चांगला कान ०, वाईट कान १०० असेल तर उत्तर साधारण १७ टक्के. ४० ची रेषा लांब राहते. हे आधी माहीत असेल तर तीन फेऱ्या आणि मनस्ताप वाचतो.

दृष्टी. चष्मा लावून, म्हणजे जास्तीत जास्त जितकं दिसू शकतं तितकी दृष्टी मोजतात. म्हणून ताज्या नंबरचा चष्मा घेऊन जा. चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह ३/६० हून (म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरून दिसणं, याहून) कमी, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व धरतात. अल्पदृष्टी म्हणजे ६/१८ हून कमी ते ३/६० पर्यंत. नजर समोर ठीक पण बाजूचं दिसत नसेल, जसं काचबिंदूत किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसात होतं, तर फील्ड टेस्टचा, म्हणजे दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट अत्यंत महत्त्वाचा. नुसता तक्ता वाचून तुमची अडचण कधीच दिसणार नाही. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्के मिळतात. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यानंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून दुचाकी स्वतः चालवत जाऊ नका.

मानसिक आजार. इथे आयडियाज नावाची मापनपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण. पाचवे गुण कालावधीचे: गेल्या दोन वर्षांत आजार किती महिने सक्रिय होता. १८ महिन्यांहून जास्त असेल तर ४ गुण. एकूण २० पैकी ७ गुणांपासून ४० टक्क्यांची पातळी सुरू होते. म्हणूनच वरच्या यादीत दोन वर्षांचे केस पेपर सांगितले. मधल्या सहा महिन्यांचे कागद नसतील तर कालावधीचे गुण कमी पडतात, जरी माणूस त्या काळात घराबाहेरही पडला नसला तरी.

आणि इथे सोबत कोण जातं यावर खूप काही अवलंबून आहे. रोज सोबत राहणारा माणूस जाऊ द्या, मोठ्या पदावरचे काका नकोत. डॉक्टर विचारतात, 'जेवतो का?' आई म्हणते, 'हो, जेवतो.' कागदावर अडचण शून्य. खरं उत्तर असं असतं: 'ताट पुढ्यात ठेवून दोनदा सांगितलं तर जेवतो, नाही सांगितलं तर उपाशीच झोपतो. अंघोळ आठवड्यातून एकदा, तीही भावाने बाथरूममध्ये नेलं तर.' दोन्ही उत्तरांत खोटं काही नाही, पण डॉक्टरांना दुसऱ्याची गरज असते. मुलाची लाज झाकायची आईची सवय इथे मुलाच्याच मुळावर येते. तपासणीसाठी म्हणून औषधं बंद करू नका. आजार उलटला तर ते नुकसान कुठलंच अनुदान भरून देणार नाही.

बौद्धिक दिव्यांगत्व आणि स्वमग्नता. बुद्ध्यांकाची चाचणी आणि सामाजिक प्रगल्भतेची चाचणी, दोन्ही होतात. दुसरीत पालकांना प्रश्न असतात: स्वतः बटणं लावतो का, रस्ता ओलांडतो का, पैसे ओळखतो का. स्वमग्नतेसाठी इसा ही ४० मुद्द्यांची मापनपट्टी आहे. मूल भुकेलं, झोपाळलेलं किंवा तापात असेल तर चाचणी पुढे ढकलायला सांगा. त्याचा आवडता खाऊ आणि ओळखीची एखादी वस्तू सोबत असू द्या.

रक्ताचे आजार. सिकलसेलच्या शिबिरात सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली, एवढ्यावर काम होत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या चाचणीचा रिपोर्ट लागतो, कारण आजार आहे की फक्त वाहक आहे हे त्यातूनच कळतं आणि वाहकाला प्रमाणपत्र नाही. थॅलेसीमियासाठी रक्त चढवल्याच्या नोंदींची वही, हिमोफिलियासाठी फॅक्टरची (रक्त गोठवणाऱ्या घटकाची) पातळी दाखवणारा रिपोर्ट.

एकापेक्षा जास्त प्रकार असतील तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा 'अ' आणि लहान 'ब' धरला तर सूत्र आहे: अ + ब × (९० − अ) ÷ ९०. पायाचे ४० आणि हाताचे ३० असतील तर ७० होत नाहीत, साधारण ५७ होतात.

६. आठवडाभर आधी: एका पानाची यादी

वहीच्या एका पानावर रोजच्या कामांची यादी करा. उठणं, संडासला बसणं, अंघोळ, कपडे, जेवण, जिने, बसमध्ये चढणं, बाजार, कामधंदा. प्रत्येकासमोर चारांपैकी एक लिहा: स्वतः जमतं, वेळ लागून जमतं, मदतीने जमतं, जमत नाही. मग आकडे घाला. 'चालायला त्रास होतो' यापेक्षा 'शंभर पावलांनंतर थांबावं लागतं' हे उपयोगाचं. 'जिना चढता येतो का?' या प्रश्नाला 'हो' म्हणून मोकळं होऊ नका. 'कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, एक मजला' असं सांगा.

दिवस कमी-जास्त असतात. आज बरा दिवस असेल तर तसं सांगा आणि आठवड्यात किती दिवस वाईट जातात तेही सांगा. संधिवात, झटके, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा चढउताराच्या आजारांत हे नाही सांगितलं तर तपासणीच्या दिवशीची स्थितीच रोजची धरली जाते.

वाढवून मात्र अजिबात सांगू नका. डॉक्टर रोज अशी शेकडो माणसं बघतात. तपासताना न वाकणारा गुडघा बूट घालताना वाकला तर तो त्यांना दिसतोच, आणि मग खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास जातो. खोटेपणा करून लाभ घेतल्यास कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

७. तपासणीचा दिवस

बोर्डाचे वार ठरलेले असतात आणि ते प्रकारानुसार वेगळे असू शकतात: हाडांचा एक वार, मानसोपचाराचा दुसरा. सिव्हिलला आदल्या दिवशी फोन करून किंवा ओळखीच्या माणसाला पाठवून वार आणि खोली विचारून घ्या. सुटीच्या आठवड्यात तर हटकून.

सकाळी लवकर पोहोचा, कारण आधी केस पेपर, मग नोंदणी, मग तपासणी, मग गरज असल्यास एक्स-रे किंवा ऑडिओमेट्री आणि पुन्हा त्याच डॉक्टरांकडे, असा फेरा असतो. एक्स-रेला पाठवलं की रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी परत यायचं की पुढच्या वारी, हे तिथेच विचारा. डबा, पाणी, नेहमीची औषधं सोबत ठेवा. मधुमेह असेल तर उपाशी थांबू नका. चालता येत नसेल तर दारातच चाकाची खुर्ची मागा.

आत गेल्यावर पहिलं वाक्य तयार ठेवा: काय झालं, कधी, आता काय जमत नाही. 'साहेब, २०२१ ला अपघात झाला, उजव्या मांडीत रॉड आहे, गुडघा अर्धाच वाकतो, खाली बसता येत नाही.' एवढं बोलून फाइल पुढे करा. दुसरी तक्रार असेल तर बाहेर पडण्याआधी सांगा. नंतर खिडकीवर सांगून उपयोग नाही. महिला रुग्ण असेल आणि तपासणीसाठी कपडे बाजूला करावे लागणार असतील तर महिला परिचारिका किंवा घरची बाई आत असावी असं मोकळेपणाने सांगा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आवारात 'टक्के वाढवून देतो' म्हणणारी माणसं भेटतात. त्यांना पैसे देऊ नका आणि मूळ कागद तर मुळीच देऊ नका. बनावट प्रमाणपत्राची ऑनलाइन पडताळणी होते, आणि पकडलं जातं तेव्हा तो माणूस कुठेच नसतो. अडकता तुम्ही.

खाटेवरून हलवताच येत नसेल अशा रुग्णासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने लेखी अर्ज द्या, सोबत स्थानिक सरकारी डॉक्टरांचं पत्र जोडा आणि तालुक्यात शिबिर कधी आहे ते विचारा. तोंडी विनंती हवेत विरते. अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या.

८. प्रमाणपत्र आल्यावर आधी वाचा

२०२४ च्या सुधारित नियमांनुसार प्रमाणपत्रासाठी तीन महिन्यांपर्यंतचा कालावधी आहे. पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून स्थिती बघत राहा. अर्ज टाकून विसरून जाऊ नका, कारण दोन वर्षांत निर्णय झाला नाही तर अर्ज बाद होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कार्डाचा रंगही टक्क्यांवर आहे: ४० च्या खाली पांढरा, ४० पासून ८० च्या खाली पिवळा, ८० आणि वर निळा. पांढरं कार्ड मिळालं म्हणजे दिव्यांगत्व मान्य झालं, पण ४० टक्क्यांचे लाभ नाहीत.

हातात आल्यावर लगेच तपासा: नाव, जन्मतारीख, फोटो, दिव्यांगत्वाचा प्रकार, कोणता अवयव, उजवा की डावा, टक्के अंकात आणि अक्षरात सारखेच आहेत का, कायमचं की मुदतीचं, मुदत कधीपर्यंत. उजव्याच्या जागी डावा पाय छापून येणं ही चूक होते, आणि ती नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत उघडी पडते तेव्हा संशय तुमच्यावर येतो. चूक दिसली की त्याच रुग्णालयात लेखी अर्ज करून दुरुस्त करून घ्या.

मुदतीचं असेल तर संपण्याच्या तीन महिने आधी नूतनीकरणाची तयारी सुरू करा. मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर अनुदान थांबतं आणि थांबलेलं पुन्हा सुरू करायला पहिल्यांदा सुरू करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हे प्रमाणपत्र देशभर चालतं. कामासाठी सुरतेला किंवा हैदराबादला गेलात तरी दुसरं काढायची गरज नाही.

९. नकार आला किंवा टक्के कमी वाटले तर

नकार दिला तर त्याचं कारण लेखी मिळालं पाहिजे. 'होत नाही, जा' एवढ्यावर परतू नका. कागद मागा. निर्णयाविरुद्ध ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. अपील कोणत्या अधिकाऱ्याकडे करायचं ते जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयातून त्याच दिवशी विचारून घ्या, कारण दिवस मोजायला सुरुवात झालेली असते.

अपिलात 'अन्याय झाला' एवढंच लिहून काम होत नाही. काय मोजलं गेलं नाही ते लिहा. हाताची तपासणी झाली पण पकडीची झाली नाही. फील्ड टेस्ट न करता फक्त तक्ता वाचून घेतला. दुसरा प्रकार नोंदवूनही त्या विभागात पाठवलं नाही. सोबत नवा रिपोर्ट जोडा, जो पहिल्या तपासणीत नव्हता. आणि अपिलाची पोच घ्या, त्यावर तारीख स्पष्ट वाचता येते का ते तिथेच बघून मगच खिडकीवरून हला.